शेजाऱ्यासाठी उघडे दार



आपल्या अभ्यासिकेत शेजारच्या चाळींतील इतर समाजाच्या मुलांना बसू द्यावे काय, हा प्रश्न आज आपल्यापुढे आहे.

१९२६ साली क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने आपल्या भायखळ्यातच, नागपाड्यात, 'नेबरहूड हाऊस' उभारले. पोटासाठी मुंबईत आलेल्या हिंदू, मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती कुटुंबांची ती दाट वस्ती. केंद्र साऱ्या शेजारासाठी होते. १९३६ साली तिथेच सर दोराबजी टाटांच्या नावाचे समाजकार्य विद्यालय सुरू झाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था.

१९२४ साली बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचा पाया घातला. आपल्याला सगळीकडची दारे बंद होती म्हणून ती सभा लागली. तरीही तिचे अध्यक्षपद सर चिमणलाल सेटलवाड यांना दिले गेले.

जागा अपुरी आहे, परीक्षेच्या दिवसांत आपलीच मुले जिन्यावर बसतात, हे आम्ही जाणतो. त्यासाठी पाळ्या लावू. पण बंद दाराचे दुःख ज्यांनी सोसले, त्यांनी दुसऱ्यासाठी दार बंद करू नये, एवढीच आमची विनंती आहे.

जयभीम!