नाट्यशिक्षणाची वाट आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात झालेले भाषण)



आज या व्यासपीठावर ज्या मुलामुलींचा गौरव झाला, त्यांच्या नावांबरोबर वैद्यक, स्थापत्य, विधी, वाणिज्य अशा बहुतेक विद्याशाखांची नावे आपण ऐकली. नाट्यशिक्षणाचे नाव मात्र एकदाही उच्चारले गेले नाही. ही उणीव गुणांची आहे असे मला वाटत नाही. आपल्याच मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी जी मुले उभी राहतात, त्यांतली दोन-तीन तरी अशी असतात की त्यांच्यावरून दृष्टी हलत नाही. गुण आहे, तो पुढे नेणारी वाट आपल्या घरांना ठाऊक नाही. त्या वाटेविषयी आज चार शब्द बोलण्याची परवानगी घेतो.

नाटक म्हणजे शिक्षण बुडविणारा नाद, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. तिला उत्तर म्हणून दोनच नावे घेतो. डॉ. श्रीराम लागू हे नाक-कान-घशाचे शल्यवैद्य होते. वैद्यकीय महाविद्यालयात असताना जडलेला हा छंद त्यांनी 1969 साली पूर्ण वेळेचा व्यवसाय म्हणून पत्करला आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ उभा केला. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात रीतसर शिकल्या आणि 1982 च्या ‘गांधी’ चित्रपटातील कस्तुरबांच्या भूमिकेने जगभर पोचल्या. तेव्हा ही विद्या आहे, आणि इतर विद्यांप्रमाणे तिच्याही शाळा आहेत.

त्यांत अग्रगण्य असे राष्ट्रीय नाट्य विद्यालय दिल्लीस 1959 साली संगीत नाटक अकादमीच्या छत्राखाली स्थापन झाले आणि 1975 पासून स्वायत्तपणे चालत आले आहे. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी 1962 ते 1977 पर्यंत त्याचे संचालक होते; तेथील शिस्तीचा पाया त्यांनी घातला. आपल्या राज्यात पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र 1987 पासून आहे, मुंबई विद्यापीठात 2003 पासून नाट्यशिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि मराठवाड्याच्या विद्यापीठातही नाट्यशास्त्र शिकविले जाते. मुंबई-पुण्याबाहेरच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

दिल्लीच्या विद्यालयात साऱ्या देशातून वर्षाला चाळिसाच्याही आत विद्यार्थी घेतले जातात. प्रथम ठिकठिकाणच्या केंद्रांवर प्राथमिक चाचणी होते. तीतून निवडलेल्यांना दिल्लीस काही दिवसांच्या कार्यशाळेसाठी बोलावतात आणि त्यानंतर अंतिम निवड होते. उमेदवाराने नाटकांतील उतारे पाठ करून सादर करावयाचे असतात. येथे आपली मुले बहुधा एक चूक करतात. एखाद्या नामांकित नटाची हुबेहूब नक्कल किंवा चित्रपटातले टाळ्यांचे वाक्य घेऊन ती जातात. परीक्षकांना नक्कल नको असते. समोरचा मुलगा ते वाक्य स्वतःच्या बुद्धीने कसे समजला, हे त्यांना पाहावयाचे असते. पुष्कळदा ते मध्येच थांबवून तोच उतारा निराळ्या रीतीने करावयास सांगतात. हे नापसंतीचे लक्षण समजून मूल खचते. वस्तुतः सूचना घेण्याची आणि तत्काळ बदलण्याची तयारी तेव्हा तपासली जात असते. अध्यापन हिंदी व इंग्रजीतून होत असल्याने त्या भाषांचा कामापुरता सराव हवा; आणि ज्या नाटकातला उतारा घेतला, ते नाटक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेले हवे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. निवड झालेल्या विद्यार्थ्यास तेथे शिष्यवृत्ती मिळते. म्हणजे आत गेलेल्या गरीब मुलाची सोय आहे. अडचण आहे ती दाराबाहेर. विद्यालय पदवीबरोबर पूर्वी केलेल्या नाटकांचा अनुभवही मागते. तो मिळावा कोठून? बहुतेकांना तो महाविद्यालयाच्या नाट्यमंडळात मिळतो. म्हणून दिल्लीचे दार वस्तुतः येथेच, अकरावी-बारावी आणि पदवीच्या पहिल्या वर्षात उघडते किंवा मिटते.

या महाविद्यालयीन रंगभूमीने महाराष्ट्राला काय दिले, हे पाहा. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने 1963 साली पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. भरत नाट्य मंदिरातील तिच्या आरोळ्या ज्यांनी ऐकल्या, ते त्या जन्मभर विसरत नाहीत. डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे हे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. 1972 साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले, 1973 साली थिएटर अकॅडमी निघाली, आणि त्याच मंडळींतले सतीश आळेकर 1996 साली ललित कला केंद्राचे प्रमुख झाले.

परंतु या रंगभूमीचे दार सर्वांना सारखे उघडे असते, असे म्हणता येणार नाही. तिचा कारभार विद्यार्थीच चालवितात, हे तिचे वैभव, आणि तीच तिची उणीव. निवडीची सूचना फळ्यावर लागण्याआधी ती ओळखीच्यांच्या कानी पडलेली असते. पहिल्या वाचनाला ‘न’ आणि ‘ण’ यांतला भेद जिभेवर नसलेला मुलगा उभा राहिला की हशा होतो, आणि तो पुन्हा त्या खोलीकडे फिरकत नाही. तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात. शेवटची एस. टी. सुटलेली असते, वसतिगृहाचे दार बंद झालेले असते. मुलीच्या घरी तर पहिल्याच आठवड्यात निर्णय होतो. सुटीत काम करून शुल्क भरणाऱ्याला दोन महिने तालमीस देणे परवडत नाही. असा मुलगा चाचणीत नापास होत नाही. तो चाचणीपर्यंत पोचतच नाही, आणि त्याची नोंदही कोठे राहत नाही.

निळू फुले यांचे उदाहरण या जागी आठवते. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करीत. कोणत्याही नाट्यमंडळाने त्यांना बोलावणे धाडले नव्हते. त्यांना राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने उभे केले. त्यांची बोली आणि त्यांचा घोगरा आवाज तेथे कोणाला अडला नाही. पुढे तोच आवाज उभ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. जेथे महाविद्यालयाचे दार अरुंद असते, तेथे समाजाच्या संस्थेने दुसरे दार उघडावयाचे असते.

आपल्या मंडळाला हे करता येईल काय? माझ्या मते तीन गोष्टी सहज करता येतील. पहिली, शिष्यवृत्तीच्या यादीत नाट्यशिक्षणाचा समावेश करून चाचणीसाठी जाणाऱ्यास प्रवासखर्च द्यावा. दुसरी, स्पर्धांच्या हंगामात आपल्या वसतिगृहाने तालमीचे लेखी पत्र पाहून उशिरा येण्याची सवलत द्यावी, आणि मुलींना घरी पोचविण्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी.

तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे, म्हणून शेवटी ठेवली. आपले हे सभागृह लग्नसराई वगळता वर्षातील पुष्कळ संध्याकाळी रिकामे असते. ते तालमींसाठी विनामूल्य द्यावे. मात्र सभागृह ज्ञातीच्याच कार्यासाठी, असा आपला नियम आहे. नाटकाचा संच एका ज्ञातीचा होत नाही, आणि होऊही नये. आपल्या मुलाबरोबर दहा निरनिराळ्या घरांतली मुले येथे येतील, मध्यरात्रीपर्यंत मोठ्याने बोलतील, खुर्च्या हलवतील, चहाचे पेले विसरून जातील. हे आपल्याला चालणार आहे काय, याचे उत्तर कार्यकारिणीने द्यावयाचे आहे. आपल्या पूर्वसूरींनी ही वास्तू बांधली, ती मुलांना शहरात आसरा मिळावा म्हणून. नियम त्या हेतूच्या आड येत असेल तर नियमाने बाजूला व्हावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

विद्यार्थिमित्रांना एकच सांगणे. भूमिका मिळाली नाही म्हणून परत फिरू नका. नेपथ्य उचला, दिवे सांभाळा, विंगेतून संवाद सांगा. तोही नाटकाचाच अभ्यास आहे, आणि गैरहजर नटाच्या जागी उभा राहणारा मुलगा बहुधा विंगेतूनच येतो. ज्यांना आपल्या बोलण्याची लाज वाटते, त्यांनी प्रमाण उच्चार जरूर शिकावा. पण घरची बोली टाकू नये. नटाला जितक्या भाषा येतील तितकी माणसे त्याच्या हाती लागतात.

पुढील वर्षीच्या गुणगौरवाच्या यादीत नाट्यविद्येचे एक तरी नाव असावे, आणि ते नाव या सभागृहात तालीम केलेल्या मुलाचे किंवा मुलीचे असावे, एवढी इच्छा व्यक्त करतो.