मनावरचा भार कागदावर

(पेण व रोहा तालुक्यांतील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



रोजच्या कामाचा ताण हा विषय आपणांपैकी कोणालाच नवा नाही. मार्चअखेर जवळ आली की ग्रामपंचायतीत करवसुली, खर्चाचे हिशेब आणि अपुरी बांधकामे एकदमच दारात उभी राहतात. शिक्षकाला अध्यापनाबरोबरच पोषण आहाराच्या नोंदी व निवडणुकीची कामे सांभाळावी लागतात. शिवाय घरचे आजारपण, मुलांचे शिक्षण, पावसाच्या तोंडावरची शेतीची घाई असतेच. या ताणावर मी आज जो उपाय मांडणार आहे तो अत्यंत साधा आहे : करावयाच्या कामांची लेखी यादी. मात्र यादी कशी करावी आणि तिच्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी, याचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

पुष्कळदा माणूस केलेल्या कामाने थकतो त्यापेक्षा राहून गेलेल्या कामाने अधिक थकतो. पंचनामा लिहिताना पाणीपट्टीची आठवण होते, जेवताना उद्याच्या सभेची होते आणि अंथरुणावर पडल्यावर सगळ्यांचीच होते. मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली यासंबंधी काही प्रयोग प्रसिद्ध केले. अपुऱ्या उद्दिष्टाचे विचार हातातल्या कामात व्यत्यय आणतात, असे त्यांना आढळले. परंतु ते उद्दिष्ट कसे व केव्हा गाठावयाचे याची नेमकी योजना आखली, की काम पूर्ण झालेले नसतानाही हा व्यत्यय ओसरला. टेक्सासमधील बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी ५ मिनिटे लिहावयास सांगितले. निम्म्यांनी पुढील दिवसांची कामे लिहिली, उरलेल्यांनी झालेली कामे. पुढील कामे लिहिणाऱ्यांना सरासरीने सुमारे ९ मिनिटे लवकर झोप लागली. प्रयोग लहान आहे, त्यावरून मोठे सिद्धान्त बांधू नयेत. तथापि नेमकेपणाने लिहून ठेवलेले काम मन काही काळ सोडून देते, एवढा बोध त्यातून घेता येईल.

हा बोध आपल्या परिसरात निराळ्या रूपाने नांदतोच आहे. पेण, हमरापूर, जोहे येथील गणेशमूर्तींचे कारखाने पाहा. चतुर्थीचा दिवस कोणासाठीही पुढे ढकलता येत नाही. साच्यातून मूर्ती काढणे, सुकवणे, घासणे, रंगवणे आणि शेवटी डोळ्यांची आखणी, असा कामाचा क्रम असतो. ओल्या मूर्तीवर रंग चढत नाही आणि पावसाळी हवेत सुकण्यास वेळ लागतो. म्हणून ‘गणपती पुरे करणे’ अशी एकच मोघम नोंद तेथे निरुपयोगी ठरेल. आज कोणत्या मूर्तीचा कोणता हात करावयाचा, हे ठरलेले असावे लागते. कोकणात अनेक कुटुंबे घरचा पाट मूर्तिकाराकडे आधीच पोहोचवतात. ओळीने मांडलेले ते पाट ही एक प्रकारची यादीच होय. प्रत्येक पाटामागे एक घर वाट पाहत असते.

आपल्या यादीतही ‘शाळेची इमारत’ असे लिहिल्याने मन हलके होणार नाही. ‘सोमवारी सकाळी गळक्या छताची मोजमापे घेणे’ असे लिहिले, तर हातपाय कोठे हलवावयाचे ते कळते.

दुसरा धडा रोह्याजवळील धाटाव औद्योगिक क्षेत्रातून घेता येईल. रासायनिक कारखाना रात्रीही चालू राहतो. पाळी संपते, काम संपत नाही. म्हणून पाळी सोडणारा कामगार यंत्रांची स्थिती, अपुरे राहिलेले काम आणि घ्यावयाची काळजी नोंदवहीत लिहून पुढच्या पाळीच्या स्वाधीन करतो. ही नोंद सुरक्षिततेसाठी असते. परंतु घरी जाणाऱ्याच्या मनालाही तिचा आधार वाटल्यावाचून राहत नाही. कार्यालय सोडण्यापूर्वी १० मिनिटे काढून आपणही असाच पाळीबदल करावा. आजच्या आपण उद्याच्या आपल्याला काय सोपवीत आहोत, ते लिहावे आणि मग वही मिटावी.

तिसरा धडा आपल्या राज्याच्या प्रशासनाचा आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी अनिलकुमार लखिना यांनी तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, येथे जिल्हाधिकारी असताना कार्यालयीन सुधारणा घडवून आणल्या. ‘लखिना पॅटर्न’ या नावाने त्या सर्वत्र परिचित झाल्या. त्यांतील सहा गठ्ठे पद्धती आपणांस ठाऊक आहेच : कार्यवाहीची प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद. हीच विभागणी मनाला लावून पाहा. आज माझ्या हातात असलेले काम निराळे, आणि दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेले निराळे. आपली पुष्कळशी चिंता या दुसऱ्या गठ्ठ्यातील असते. अशा कामापुढे ते कोणाकडे थांबले आहे आणि पुन्हा केव्हा विचारावयाचे, ती तारीख लिहावी. त्या तारखेपर्यंत ते काम मनात घोळविण्याचे कारण उरत नाही. तसेच जी कामे आता करावयाचीच नाहीत, ती निःसंकोच खोडून टाकावीत. नष्ट करावयाचा गठ्ठा ज्या दप्तरात नाही, तेथे पुढे कपाटे पुरत नाहीत.

व्यवहारात एकच वही पुरे. चिठ्ठ्या, भ्रमणध्वनी आणि तळहात यांवर विखुरलेली यादी नवा घोर लावते. दिवसाची कामे चारपाचच ठेवावीत, आणि अचानक येणाऱ्या माणसासाठी थोडा वेळ राखून ठेवावा. संध्याकाळी राहिलेले काम उद्यावर नेताना ते का राहिले, हे एका शब्दात लिहावे. एकच ओळ चार वेळा पुढे जात असेल, तर ते काम लहान करावे, दुसऱ्यास सोपवावे किंवा वरिष्ठांपुढे मांडावे.

यादीच्या मर्यादाही स्पष्ट केल्या पाहिजेत. तिघांचे काम एकाकडे असेल, तर ते यादीने एकाचे होत नाही. पण कोणते काम कशामुळे पडून आहे, हे लेखी दाखविता आले, तर मनुष्यबळाची मागणी तक्रार न राहता पुरावा होते. तसेच झोप न लागणे, जिवाची घालमेल, कशातच रस न वाटणे हे आठवडेच्या आठवडे चालू राहिले, तर वहीवर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावे. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य बोलता येते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

शेवटी एक गोष्ट. आपल्या यादीतील प्रत्येक ओळ ही बहुधा दुसऱ्या कोणाच्या घरातील काळजी असते. वारसनोंदीसाठी येणारी विधवा, दाखल्यावाचून प्रवेश अडलेला विद्यार्थी, खारबंदिस्ती फुटल्याने शेतात खारे पाणी शिरलेला पेणचा शेतकरी, यांच्या हातात आपल्यासारखी वही नसते. ते केवळ वाट पाहतात. महाराष्ट्राच्या २००५ सालच्या विलंब प्रतिबंधक कायद्याने सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ राहू नये असे घातले आहे, त्यामागील हेतूही हाच. ‘तुमचे काम गुरुवारी होईल’ असे यादी पाहून खात्रीने सांगता आले, तर तो मनुष्य चार फेऱ्या आणि चार रात्रींची तळमळ वाचवितो. आपला ताण हलका करताना त्याचाही हलका व्हावा, एवढीच या साध्या साधनाकडून अपेक्षा आहे. उद्या सकाळी टपाल उघडण्यापूर्वी वहीचे पहिले पान लिहावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.