हैतीचे भरतकाम आणि दूरदेशी गेलेली माणसे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. हैती हा कॅरिबियन समुद्रातील एक लहानसा देश. त्याच्याशी आपला संबंध तो काय? परंतु ज्या समाजाची मुले पोटासाठी दूरदेशी जातात, त्या समाजाने हैतीच्या सुईदोऱ्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, असे माझे नम्र मत आहे.

हैतीच्या बहुसंख्य लोकांचे पूर्वज गुलाम म्हणून आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणले गेले. त्यांनी बंड करून १८०४ साली स्वातंत्र्य मिळविले. त्याच्या आदल्या वर्षी, १८ मे १८०३ रोजी, सेनापती देसालीन यांनी फ्रेंच निशाणातील पांढरा पट्टा फाडून टाकला व कॅथरीन फ्लॉन या स्त्रीने उरलेले निळे आणि तांबडे कापड एकत्र शिवले, अशी परंपरागत कथा आहे. मायामी, न्यूयॉर्क व मॉन्ट्रियल येथे स्थायिक झालेले हैतीचे लोक आजही तो दिवस ध्वजदिन म्हणून पाळतात.

निशाणाचा हा मान त्यांच्या वोदू धर्मातही आहे. देवतांची निशाणे टिकल्या व मणी जडवून तयार करतात. त्यांस तिकडे 'द्रापो' म्हणतात. समुद्राचा देव आग्वे याचे चिन्ह गलबत. मृतांचे आत्मे पाण्याखालून पूर्वजांच्या भूमीस परत जातात, अशी त्यांची श्रद्धा आहे. ज्या समुद्राने घर तोडले, तोच घरी परत नेणारा, हा भाव त्या टिकल्यांत आहे.

हे गलबत पुढेही त्यांच्या नशिबी आले. १९५७ ते १९८६ या द्युवालिए पितापुत्रांच्या जुलमी राजवटीत असंख्य लोकांनी देश सोडला. १९९१ च्या लष्करी बंडानंतर होड्यांतून निघालेल्या तीस हजारांहून अधिक माणसांना अमेरिकेने समुद्रातच अडविले. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाने राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्स उद्ध्वस्त केली. २०२५ च्या आरंभी तर सशस्त्र टोळ्यांच्या भयाने देशांतल्या देशांत बेघर झालेल्यांची संख्या दहा लाखांवर गेली होती.

अशा देशात १९६८ साली मिर्लाँद कोंस्ताँ यांचा जन्म झाला. तरुणपणी त्या आईबरोबर लग्नाचे पोशाख शिवण्याच्या कारखान्यात काम करीत. तेथे शिकलेली आकड्याच्या सुईची विद्या त्यांनी १९९० नंतरच्या काळात द्रापोसाठी वापरली. हे काम तोवर बहुतांशी पुरुषांच्या हाती होते. चौकटीवर ताणलेल्या कापडाच्या उलट बाजूने टाके घालावयाचे; भोवती अनेक हात बसतात आणि एका मोठ्या निशाणास महिनेच्या महिने लागतात. भूकंपाचा दिवसही त्यांनी मण्यांत उतरविला. २०२२ साली व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात त्यांची निशाणे लागली. भगिनींनो, ही आकड्याची सुई म्हणजे आपल्याकडील आरीच होय. अठराव्या शतकात पूर्वेकडून ही विद्या युरोपात गेली. माणसांप्रमाणे विद्याही परदेशी जाते, आणि नव्या मातीत रुजते.

आता मुख्य मुद्दा. घर सोडणाऱ्या माणसाला जमीन, झाड, विहीर बरोबर नेता येत नाही. कापड मात्र घडी करून नेता येते. म्हणूनच ज्यांचा इतिहास सरकारी दप्तरांत नीट लिहिला गेला नाही, त्यांनी तो कापडावर लिहिला. मात्र दोन गोष्टी सांभाळल्या पाहिजेत. पहिली, टाका घालणाऱ्या हाताचे नाव व त्याचा मोबदला. नाहीतर निशाण परदेशी श्रीमंताच्या भिंतीवर झळकते आणि चौकटीभोवतीच्या मुली उपाशी राहतात. दुसरी, पुढच्या पिढीस शिकविणे. कारण प्रदर्शनात ठेवलेले कापड टिकते, पण विद्या केवळ हातातून हातातच टिकते.

आपल्या घरोघरी आजी-पणजींनी शिवलेल्या गोधड्या आहेत. त्यांच्या कोपऱ्यात शिवणारीचे नाव व गाव दोऱ्याने घालून ठेवा, आणि परदेशी निघालेल्या मुलीच्या सामानात एक अवश्य द्या. पण तत्पूर्वी तिला तो टाका शिकवा. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.