सहीपूर्वीचे इंग्रजी



बी.कॉम. होऊनही इंग्रजीचा खरा धडा मला जिवतीच्या दुकानातच मिळाला. सुरतेहून आलेली कापडाची गाठ न उघडताच मी पावतीवरील ‘रिसीव्ह्ड इन गुड कंडिशन’ या ओळीखाली सही केली. आतील माल भिजलेला निघाला. पण माल सुस्थितीत मिळाल्याचे मीच लिहून दिले होते. भरपाई बुडाली. आता ‘कंटेंट्स नॉट चेक्ड’, म्हणजे आतील माल तपासलेला नाही, असे लिहूनच सही करतो.

बिलावरील ‘ई. अँड ओ. ई.’ म्हणजे आपल्या चोपडीतील ‘भूलचूक देणे-घेणे’च होय. ‘सब्जेक्ट टू सुरत ज्युरिस्डिक्शन’ म्हणजे तंटा सुरतेच्या न्यायालयात चालेल, ही अट.

तरुणांनो, अलंकारिक इंग्रजी नसले तरी चालेल. सहीवरची ओळ मात्र समजलीच पाहिजे. जय जिनेंद्र!