घोरणे, लघवी आणि कर्करोग



घोरणाऱ्याला आपण हसतो. पण घोरता घोरता ज्याचा श्वास १० सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ थांबतो आणि मग तो दचकून जागा होतो, त्याला स्लीप ॲप्निया असू शकतो. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ साली मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव सांगितले होते.

श्वास अडला की रक्तातला प्राणवायू घटतो, हृदयावर ताण येतो आणि मूत्रपिंडे जादा लघवी तयार करतात. म्हणून असा माणूस रात्री तीन-चारदा उठतो. घरचे म्हणतात, वय झाले, प्रोस्टेट असेल!

मूत्रपिंडाच्या कर्करोगाशीही काही अभ्यासांत याचा संबंध दिसला आहे. मात्र एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेले नाही. लठ्ठपणा व रक्तदाब दोन्हींकडे आढळतात. विडी-सिगारेटमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे मात्र निर्विवाद आहे. आणि तीच आपण पाहुण्यापुढे करतो! लघवीत एकदा जरी रक्त दिसले, दुखत नसले, दुसऱ्या दिवशी थांबले, तरी डॉक्टरांना दाखवावे. श्वास थांबल्याचे झोपलेल्याला कळत नाही, शेजारच्याला कळते. पुसदला दवाखान्यात जाताना त्यालाही सोबत न्यावे.