शेण : चुलीचें कीं शेताचें ?



मुंबईहून चेन्नईस जाणाऱ्या लोहमार्गावर सोलापूर मागें पडलें, कीं थोड्याच वेळांत होटगी जंक्शन लागतें. विजापूर-गदगकडे जाणारा फांटा येथूनच फुटतो. गाडीच्या खिडकींतून दिसतात तीं ज्वारी-तुरीचीं काळीं रानें. मधूनच एखादी बाभूळ, एखादा लिंब. हा अवर्षणाचा मुलूख. जंगल जवळ नाहीं, त्यामुळें चूल कशावर पेटवावयाची हा प्रश्न येथील गृहिणीला पिढ्यान्‌पिढ्या सोडवावा लागला. तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, ज्वारीचीं धसकटें यांवर तिनें भागविलें. परंतु तिचा खरा भरंवसा भिंतीवर थापलेल्या गोवऱ्यांवर.

एका दृष्टीनें गोवरी ही झाडाची कैवारी होय. बाभूळ तोडली, कीं तिच्या जागीं दुसरी वाढण्यास कित्येक वर्षें लागतात. गोठ्यांतील शेण मात्र रोज सकाळीं नव्यानें हजर असतें. होटगीजवळच आहेरवाडी व फताटेवाडी यांच्या शिवारांत १३२० मेगावॅटचें औष्णिक वीज-केंद्र उभें आहे. तेथील कोळसा एकदां जळला, तो जळला. पण जोंवर रानांत कडबा पिकतो आणि जनावर तो खातें, तोंवर शेणाचा सांठा आटावयाचा नाहीं.

मग गोवऱ्या थापून स्वस्थ बसावें काय ? येथें शेत आपली तक्रार घेऊन उभें राहतें. डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे कृषि-रसायनज्ञ १८८९ ते १८९१ या काळांत हिंदुस्थानांत हिंडले व १८९३ मध्यें त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शेतकरी शेण जाळतो तो खताची किंमत कळत नाहीं म्हणून नव्हे, तर सरपण मिळत नाहीं म्हणून, हें त्यांनीं नेमकें ओळखलें, आणि सरपण व चारा यांसाठीं राखीव रानें लावण्याची शिफारस केली. शेण जाळलें म्हणजे त्यांतील नत्र व सेंद्रिय द्रव्य धुरावाटे निघून जातें; राखेंत कांहीं क्षार तेवढे उरतात. तो धूर आधीं शिरतो तो चुलीपुढें बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातींत. म्हणजे झाड वांचलें, पण शेत आणि गृहिणी या दोघींनीं त्याची किंमत मोजली.

या पेंचांतून वाट काढण्यासाठीं दिल्लीच्या कृषि-संशोधन संस्थेंत १९३९ च्या सुमारास शेणापासून ज्वलनशील वायु मिळविण्याचे प्रयोग झाले. पुढें १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनीं तरंगत्या टांकीचें यंत्र सिद्ध केलें, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगानें तें १९६० नंतर खेडोपाडीं नेलें. त्याची रचना सोपी आहे. शेण व पाणी समभाग कालवून बंद विहिरींत सोडावयाचें. तेथें हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतु तें कुजवितात व मिथेन वायु निर्माण होतो. तो नळीनें शेगडीस जातो. उरलेला राडा शेतास. या राड्यांत नत्र बहुतेक शाबूत राहतें. जंतूंना ऊब मानवते. म्हणून सोलापूरचें ऊन एरव्ही कितीही जाचक असलें, तरी या कामीं उपकारकच ठरतें.

आतां हिशेब पाहूं. मोठें जनावर दिवसाला सुमारें १० किलो शेण देतें. पांच जनावरांचें ५० किलो शेण वाळवून गोवऱ्या केल्या, तर त्या सुमारें १० किलो भरतात, आणि साध्या चुलींत त्यांच्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग भांड्यास लागतो. त्याच शेणापासून सुमारें २ घनमीटर गॅस मिळतो. शेगडीवर त्याची निम्म्याहून अधिक उष्णता उपयोगी पडते व पांच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. एकंदरींत भांड्यास लागणारी उष्णता गोवरीच्या दुप्पट, आणि खत वर शिल्लक !

अडचणी नाहींत असें नाहीं. ५० किलो शेणास ५० लिटर पाणी लागतें, आणि उन्हाळ्यांत होटगीच्या बाजूस एक एक घागर मोलाची. यावर जनावरांचें मूत्र व गोठा धुतलेलें पाणी वापरतां येतें. साबणाचें पाणी मात्र नको, त्यानें जंतु मरतात. लोखंडी टांकी गंजते. वेळेवर रंग दिला नाहीं, तर सारें यंत्र बंद पडतें. त्यांतच ट्रॅक्टर आल्यापासून बैलांच्या दावणी रित्या होत चालल्या आहेत.

याहून नाजूक गोष्ट निराळीच आहे. जिला शेत नाहीं, गोठा नाहीं, ती मजूर बाई रानांत पडलेलें शेण वेंचून आपली चूल पेटविते. शेणास मोल आलें, कीं मालक तें आपल्या खड्ड्यांत टाकणार, आणि हिला पुन्हां कुऱ्हाड घेऊन बाभळीकडेच जावें लागणार ! २०१६ मध्यें उज्ज्वला योजना आली व अनेक गरीब घरांत सिलिंडर पोंचले. परंतु ते पुन्हां भरण्यास पैसा लागतो, आणि तो नसला कीं चूल पेटतेच. म्हणून यंत्र केवळ पांच जनावरांच्या धन्यापुरतें न ठेवतां गांवाचें सामाईक केलें पाहिजे, आणि शेण आणून देणाऱ्या बाईसही त्यांतून गॅसचा वांटा मिळाला पाहिजे. २०१८ पासूनच्या गोबरधन योजनेंत अशा सामुदायिक यंत्रांस जागा आहे. शिवाय व्होल्करसाहेबांची सूचना अजून शिळी झालेली नाहीं: गायरानाच्या कडेस सरपणाचीं झाडें लावण्यास यंत्र लागत नाहीं.

शहरांत सकाळीं दुधाचें पातेलें गॅसवर चढतें, तेव्हां तें दूध ज्या गोठ्यांतून आलें, त्या घरची चूल कशावर पेटली असेल, याचा विचार सुशिक्षित कुटुंबांनीं अवश्य करावा. त्या गोठ्यांतील शेण चुलीस आणि शेतास, दोघांसही पुरण्यासारखें आहे. तें नीट वापरण्याची सोय गांवांत उभी राहिली, तर होटगीच्या माळावरची बाभूळही सांवली देण्यास उरेल.