चुलाण मांडले त्याची हकीकत
(जीर्णोद्धार सोहळ्यात केलेले भाषण)



शिखराविषयी आणि सभामंडपाविषयी पुष्कळ बोलून झाले. आता धर्मशाळेतल्या चुलाणाविषयी थोडे.

सप्ताहाच्या काल्याचा महाप्रसाद ज्या दगडी चुलाणावर शिजे, ते बांधकामात मोडावे लागले. गॅस आल्यापासून ते थंडच होते म्हणा. पुढे जुन्या वस्तूंचे दालन करायचे ठरले. समया, दिवट्या, जाते, तांब्याचा हंडा, सारे घराघरांतून जमले. हंडा ठेवायला चूल मात्र नाही!

काहींचे म्हणणे पडले, सिमेंटची करून काळा रंग फासावा, कोणाला कळते? समितीने ते मानले नाही, हे बरे झाले. सिमेंट आचेला तडकते, आणि रंगाची काजळी म्हणजे देवापुढे विजेची समई.

दगड पडलेल्या पडवीचेच घेतले, काळ्या पाषाणाचे. इंद्रायणीतले गोटे आणायला निघालेल्या पोरांना एका आजीने वेशीतच अडवले. नदीचा गोटा पाणी प्यालेला असतो. विस्तवावर त्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटून अंगावर उडतो. माती वारुळाची घेतली, तीत शेण आणि भाताचा तूस मळला. तोंड पश्चिमेला ठेवले नाही, कारण मावळात पावसाळी वारा घाटावरून तिकडूनच येतो. सावलीत वाळल्यावर आधी काटक्यांचा बारीक जाळ केला, मग लाकडे लावून हंडाभर आमटी खरोखर शिजवली. तेव्हा धरली ती काजळी खरी. जुन्यापैकी एकच दगड हाती लागला. तो डावीकडे बसवून त्यावर खूण केली आहे, म्हणजे जुने कोणते, नवे कोणते हे पाहणाऱ्याला कळेल.

चूल ही काय दालनात ठेवायची वस्तू, असेही कोणी म्हणाले. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे तिथे निघाली, आणि त्या घरांतून चुलीही. विद्वानांनी त्या मोजून, रेखाटून नोंदवल्या.

खरा वाद झाला तो नावांवरून. संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे आहेत, ती योग्यच आहेत. पण चुलाण लिंपणाऱ्या चार बायांनी पैसा दिलेला नाही. त्यांची नावे कशी घालायची? तेव्हा एका वृद्ध शिक्षकांनी कार्ल्याची आठवण दिली. एकवीरेच्या देवळाला लागून जे चैत्यगृह आहे, तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव तिथे आहे, आणि धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचेही आहे. त्याने दाराचे काम केले, एवढेच त्यात लिहिले आहे. दगडाच्या लेण्यात सुताराचे नाव! त्यावर कोणी काही बोलले नाही.

चुलाणाशेजारी लाकडी फळी लावली आहे. तीवर ‘ही प्रतिकृती आहे’ असे ठळक लिहून खाली तिघींची नावे घातली आहेत. चौथीने आपले नाव सांगितलेच नाही. “यजमानांचं घाला,” म्हणाली. तेवढी जागा मोकळी ठेवली आहे.